सावली, भरती आणि दोन मोकळे दिवस
(वाचकांचे प्रश्न)

उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी रानात आणि समुद्रावर जाणाऱ्यांचे बरेच प्रश्न आले आहेत. निम्म्याहून अधिक पत्रांत तक्रार एकच : विश्रांतीला म्हणून गेलो आणि दमून परत आलो. त्यामुळे सुरुवात त्याच प्रश्नाने करू.

प्रश्न : दोनच दिवस हातात आहेत. एक दिवस शेतात-रानात घालवायचा आहे, एक समुद्रावर. आधी कुठे जावं? आणि दिवस कसा आखावा की धावपळ होणार नाही?

उत्तर : आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, मुक्कामाची जागा नंतर ठरवा. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून तीच भरती दुसऱ्या दिवशी साधारण ५० मिनिटं उशिरा येते. शनिवारी पूर्ण ओहोटी सकाळी ७ ला असेल तर रविवारी ती पावणेआठ-आठच्या सुमारास असेल. उतार सौम्य असलेल्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट वाळू उघडी पडते, चालायला आणि मुलांना खेळायला तीच उत्तम. किनारा तीव्र उताराचा असेल तर भरतीच्या वेळी लाट एकदम काठावरच आदळते आणि गुडघाभर पाण्यातला माणूसही आडवा होतो. अशा ठिकाणी लहान मुलांना घेऊन भरतीला जाऊच नये.

दुसरं घड्याळ उन्हाचं. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कडक आहे असं समजा आणि सावलीत या. ढोबळ मानाने सकाळी १० ते दुपारी ४ हा वेळ जेवणाचा, झोपेचा, वाचनाचा. बाहेरचं जे काही करायचं ते त्याच्या आधी किंवा नंतर. दिवसाला एकच बेत ठेवा. पहाटे टेकडी, दुपारी पोहणं आणि संध्याकाळी होडी असं तिन्ही एका दिवसात कोंबलं की विश्रांती संपली.

दोन्ही दिवस भरतीच्या दृष्टीने सारखेच असतील तर आम्ही समुद्र आधी आणि रान नंतर असं सुचवू. उन्हाने भाजलेली त्वचा लगेच कळत नाही. लाली काही तासांनी दिसू लागते आणि १२ ते २४ तासांत सर्वांत जास्त होते. दुसरा दिवस झाडाखाली गेला तर त्वचेला आराम मिळतो, खारे कपडे गोड्या पाण्यातून काढून वाळवता येतात आणि परतीच्या प्रवासात अंगाला वाळू नसते.

प्रश्न : मागच्या खेपेस पाण्यापासून चांगलं वीस-पंचवीस पावलं लांब सतरंजी अंथरली होती. अर्ध्या-पाऊण तासात ती भिजली. भरती इतक्या लवकर चढते का?

उत्तर : चढते, पण सगळा वेळ सारख्या वेगाने नाही, आणि फसगत तिथेच होते. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांचा ढोबळ हिशेब बाराव्या हिश्शांत करतात. पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या एक बारांश चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात पुन्हा दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मी भरती येऊन जाते.

समजा, भरती-ओहोटीतला फरक ३ मीटर आहे. पहिल्या तासात पाणी फक्त २५ सेंटीमीटर चढेल, तिसऱ्या तासात ७५. आता हे उभं अंतर उतारावर पसरून बघा. ५० मीटर चाललं की १ मीटर उंची वाढते अशा पुळणीवर ७५ सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ ३७ मीटर आडवं अंतर, तेही एका तासात. तुमची वीस-पंचवीस पावलं अर्ध्या-पाऊण तासात संपली यात काहीच नवल नाही. ओहोटीनंतर पहिला तासभर पाणी अगदी शांत असतं, ते पाहूनच माणूस जागा निवडतो.

जागा निवडताना वाळूवर पडलेली शेवाळाची, काटक्यांची, शिंपल्यांची ओळ शोधा. अशा दोन-तीन ओळी दिसल्या तर जमिनीकडची सर्वांत वरची ओळ धरा आणि तिच्याही वर बसा. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाणाची, म्हणजे सर्वांत जास्त चढणारी भरती येते, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे सर्वांत कमी चढणारी. अष्टमीकडून पौर्णिमेकडे जाताना रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा थोडी वर येते, म्हणून त्या दिवसांत कालची ओळ ही आजची हद्द नसते. नदीच्या मुखाशी आणि अरुंद खाडीत हा बारांशाचा हिशेब बिघडतो, तिथे स्थानिक वेळापत्रकावरच विसंबा. खडकाला वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर जायचं असेल तर पाणी ओसरत असताना जा आणि पूर्ण ओहोटीच्या आत परत फिरा.

प्रश्न : पाण्याची ओढ आत खेचून नेते म्हणतात. ती ओळखायची कशी? आम्हाला सगळ्यांना पोहता येतं.

उत्तर : पोहता येणाऱ्यांनाच ही ओढ अधिक फसवते, कारण ते तिच्याशी झुंजतात. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दोन बांधांमधल्या खोलगट भागातून, खडकांच्या किंवा धक्क्याच्या कडेने ते एकवटून समुद्राकडे वाहतं. यालाच रिप करंट म्हणतात. त्याचा वेग एरवी सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. जोर असेल तेव्हा तो २ मीटरच्याही पुढे जातो. त्या वेगाविरुद्ध पट्टीचा पोहणाराही टिकत नाही.

पाण्यात शिरण्याआधी उंचावर उभं राहून दहा मिनिटं नुसतं बघा. दोन्ही बाजूंना लाटा फुटत आहेत, पांढरा फेस आहे आणि मध्ये एक शांत, गडद पट्टा आहे, तर तीच ती जागा. नवख्या माणसाला नेमकी तीच सुरक्षित वाटते, कारण तिथे लाट नसते. लाट फुटत नाही कारण तिथे खोली आहे. फेस किंवा काटक्या समुद्राच्या दिशेने जाताना दिसल्या, एखाद्या पट्ट्यात गढूळ वाळू आत चाललेली दिसली, तर शंका उरत नाही. पाणी ओसरत असताना आणि ओहोटीच्या सुमारास बांध उघडे पडायला लागतात, त्यामुळे बऱ्याच किनाऱ्यांवर ही ओढ तेव्हा वाढते.

सापडलातच तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नका. पाठीवर तरंगा, श्वास सावरा, एक हात वर करून हाक द्या. ही ओढ पाण्याखाली खेचत नाही, आडवी बाहेर नेते, आणि बहुतेक वेळा लाटा फुटतात त्या रेषेच्या पलीकडे तिचा जोर संपतो. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, फुटणाऱ्या लाटांच्या दिशेने पोहा. काही ओढी गोल फिरून परत उथळ पाण्यात आणतात. एका बाजूला पाणी अडवत असेल तर दुसरी बाजू धरा, किंवा तरंगत राहा. किनाऱ्यावरच्याने मागे उडी घालू नये. तरंगणारी कुठलीही वस्तू, रिकामा बंद कॅन, चेंडू किंवा आइसबॉक्सचं झाकण, फेकावी आणि जीवरक्षकाला बोलवावं. मदतीला गेलेलेच बुडाले असे प्रसंग फार घडतात, म्हणून हे इतक्या कळकळीने लिहीत आहोत.

हवा भरलेल्या तराफ्यांबद्दलही याच उत्तरात सांगून टाकतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पहाटे आणि सकाळी लवकर तोच चालू असतो. काठावरचं पाणी तेव्हा आरशासारखं शांत दिसतं आणि तराफा नकळत लांब जातो. वारा पाठीकडून समुद्राकडे असेल तर तराफा पाण्यात काढूच नका.

प्रश्न : वाळूत छत्री टिकत नाही, तंबूच्या खुंट्या उपटून येतात. उपाय काय?

उत्तर : कोरडी वाळू खुंटीला धरून ठेवत नाही, म्हणून खुंटी उभी ठोकण्याऐवजी काहीतरी आडवं पुरायचं. हातभर लांबीची काठी किंवा वाळूने भरलेली कापडी पिशवी घ्या, मधोमध दोर बांधा, ३० ते ४० सेंटीमीटर खोल खड्ड्यात दोराच्या दिशेला काटकोनात आडवी ठेवा. दोर बाहेर काढण्यासाठी तंबूच्या बाजूला तिरकी चर खणा. दोर खड्ड्यातून सरळ वर आणला तर ताण येताच तो पुरलेल्या काठीला वर उचलतो, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच. मग वाळू भरा, पाणी ओता, पायाने दाबा. ओली दाबलेली वाळू कोरडीपेक्षा कितीतरी घट्ट धरते.

छत्रीचा दांडा किमान ४५ सेंटीमीटर, जमलं तर ६० सेंटीमीटर आत गेला पाहिजे. ठोकू नका, दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवत, फिरवत आत उतरवा. छत्रीचा माथा वाऱ्याकडे झुकवा, म्हणजे वारा तिला खाली दाबेल. उलट झुकवली तर वारा आत शिरून तिला उचलतो आणि उडालेल्या छत्रीचं टोक जीवघेणं ठरतं. जमीन तापली की दुपारकडे वारा समुद्राकडून येऊ लागतो, म्हणून सकाळी लावलेली छत्री तेव्हा पुन्हा फिरवून लावावी लागते. वारा इतका असेल की कोरडी वाळू पायांना टोचत उडते आहे, तर छत्री मिटून ठेवा.

प्रश्न : शेतावर दोन झाडांमध्ये झोळी, म्हणजे हॅमॉक, बांधली. ताणून बांधली तरी पाठ दुखते आणि एकदा दोरही तुटला.

उत्तर : ताणून बांधली म्हणूनच दोन्ही झालं. झोळी सैल हवी. झाडापासून झोळीपर्यंतचा पट्टा आडव्या रेषेशी सुमारे ३० अंशांचा कोन करतो तेव्हा प्रत्येक पट्ट्यावर झोपणाऱ्याच्या वजनाइतका ताण येतो. ७० किलोचा माणूस असेल तर प्रत्येक बाजूला ७० किलो. तोच कोन १० अंशांवर आणला, म्हणजे झोळी जवळजवळ सपाट ताणली, तर प्रत्येक बाजूचा ताण २०० किलोंवर जातो. दोर तुटला नसता तर झाड वाकलं असतं.

कोन मोजायला हात पुरे. अंगठा सरळ वर, तर्जनी आडवी झोळीच्या दिशेने. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत कल्पलेल्या रेषेसारखा पट्टा उतरला पाहिजे. ३ मीटर लांबीच्या झोळीला झाडांमधलं अंतर ४ ते साडेचार मीटर सोयीचं. साडेचार मीटर असेल तर पट्टा साधारण पावणेदोन मीटर उंचीवर बांधा, मग बसल्यावर झोळी जमिनीपासून खुर्चीइतक्या, म्हणजे ४५ सेंटीमीटर उंचीवर येते. त्याहून वर टांगू नका.

पाठ दुखते ती लांबीच्या रेषेत झोपल्याने. शरीर केळ्यासारखं वाकतं. मधल्या रेषेला तिरकं झोपा, डोकं थोडं डावीकडे तर पाय उजवीकडे. कापड दोन्ही बाजूंना पसरतं आणि पाठ सपाट होते. अशी तिरकी झोप सैल झोळीतच येते, ताणलेल्या झोळीत कडा वर उठून खांद्यांना आवळतात.

बारीक दोर थेट खोडाला गुंडाळू नका, तो साल कापतो. किमान अडीच सेंटीमीटर रुंद पट्टा वापरा. खोड मांडीपेक्षा बारीक नको. वर वाळलेली फांदी किंवा जड फळं नाहीत ना, हे मान वर करून पाहा. दुपारी सूर्य पश्चिमेला कलतो आणि सावली पूर्वेकडे पडते, म्हणून झोळीची जागा झाडांच्या दाटीच्या पूर्व बाजूला निवडा. ढग गडगडला की मात्र झाडाखालून निघा आणि पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा.

प्रश्न : आइसबॉक्समधला बर्फ दुपारपर्यंत वितळतो. पेटीच खराब आहे का?

उत्तर : बहुधा पेटी ठीक आहे, तुम्ही तिच्यात गरम बाटल्या ठेवता. १ लिटरच्या सहा बाटल्या ३० अंशांवरून ५ अंशांपर्यंत आणायला पावणेदोन ते दोन किलो बर्फ खर्ची पडतो. त्याच बाटल्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवल्या की तेवढा बर्फ वाचतो. पेटीही आदल्या रात्री थोडा बर्फ टाकून आतून गार करून घ्या. चुऱ्याऐवजी मोठी लादी घ्या, पृष्ठभाग कमी म्हणून ती सावकाश वितळते. पाण्याच्या काही बाटल्या गोठवून नेल्या तर बर्फही होतो आणि संध्याकाळी प्यायचं पाणीही. गोठवताना बाटली काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना फुगतं.

पेयांची पेटी वेगळी आणि खाण्याची वेगळी ठेवा. पेयांची पेटी दर दहा मिनिटांनी उघडली जाते, खाण्याची जेवणापुरती. वितळलेलं गार पाणी लगेच ओतून देऊ नका, ते रिकाम्या हवेपेक्षा चांगलं काम करतं. फक्त खाण्याचे डबे घट्ट झाकणाचे हवेत. कच्चं मांस-मासे असतील तर बंद डब्यात, सर्वांत खाली. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेला भात, दूध, अंडी, कापलेली फळं असं लवकर खराब होणारं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. वास बरा येतो हा पुरावा नव्हे.

प्रश्न : सनस्क्रीन लावूनही खांदे भाजतात.

उत्तर : कमी लावता. डबीवरचा एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम इतका थर धरतात. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला त्यासाठी ३० ते ३५ मिलिलिटर लागतं. बहुतेक जण निम्मंही लावत नाहीत. बाहेर पडण्याआधी १५ ते ३० मिनिटं लावा, मग दर दोन तासांनी, आणि पाण्यातून आल्यावर अंग पुसून पुन्हा. एसपीएफ ३० आणि ५० मधला फरक तसा थोडा आहे, पहिलं त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, दुसरं ९८. भरपूर लावलेलं ३० हे कंजूषपणे लावलेल्या ५० पेक्षा उपयोगी. कान, मानेची मागची बाजू, पायांचे पंजे आणि भांग विसरू नका. छत्रीखालीही ऊन लागतं, कारण कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस २५ टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. लांब बाह्यांचा सदरा कुठल्याही मलमापेक्षा भरवशाचा. डासांचं मलम लावायचं असेल तर आधी सनस्क्रीन, ते सुकल्यावर डासांचं.

प्रश्न : पायांची वाळू झटकूनही जात नाही.

उत्तर : पाय कोरडे करून टाल्कम पावडर चोळा. ओलावा पावडर शोषते, वाळू गळून पडते.

प्रश्न : जेलीफिश चावली किंवा गवतात गोचीड लागली तर घरगुती काय करावं?

उत्तर : जेलीफिशचे धागे उघड्या हाताने काढू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिमट्याने धागे उचला, वाळूने घासू नका. मग भाग ४२ ते ४५ अंश गरम पाण्यात २० ते ४० मिनिटं बुडवा. आधी पाणी धडधाकट माणसाच्या हाताला सोसवतं का बघा. लघवी लावण्याचा उपाय निरुपयोगी आहे. व्हिनेगर काही जातींवर चालतं, काहींवर त्रास वाढवतं, म्हणून स्थानिक जीवरक्षकाला विचारल्याशिवाय नको. श्वास जड झाला, चेहरा सुजला, उलट्या झाल्या तर थेट दवाखाना.

गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेच्या अगदी लगत पकडा आणि सावकाश सरळ वर ओढा. पिळू नका. तेल, रॉकेल, जळती काडी यांपैकी काहीही लावू नका; त्याने ती सुटत नाही, उलट जखमेत लाळ सोडण्याची भीती वाढते. जागा साबणाने धुवा, तारीख लिहून ठेवा, पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा चट्टा आला तर डॉक्टरांना ती तारीख सांगा. रानात फिकट रंगाची लांब पँट मोज्यात खोचली की गोचीड चढताना दिसते.

प्रश्न : मुलं वाळूत मोठे खड्डे आणि भुयारं खणतात. खणू द्यावं का?

उत्तर : खड्डा त्यांच्यातल्या सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्यापर्यंत, बस. भुयार अजिबात नको. वरची वाळू वाळली की कडा एका क्षणात ढासळते, आणि छातीपर्यंत वाळू भरली की श्वास घेता येत नाही. बाहेरून उपसायला लागलं तर वाळू पुन्हा आत घसरते, म्हणून सुटका अवघड असते. निघताना खड्डे बुजवा.

प्रश्न : उन्हाने थकवा आला आहे की उष्माघात झाला आहे, हे कसं ओळखायचं?

उत्तर : डोकं दुखतं, गरगरतं, घाम सुटतो, मळमळतं, पण माणूस नीट बोलतो आहे, तर सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच, कपडे सैल, घोट-घोट पाणी द्या. १ लिटर पिण्याच्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पाळा. मीठ अंदाजाने वाढवू नका. अर्ध्या तासात तरतरी यायला हवी. माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात. घाम येतो आहे म्हणून निर्धास्त राहू नका, घाम चालू असतानाही उष्माघात होतो. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत थांबू नका : अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका. आणि सावली मिळत नाही म्हणून कुणाला बंद गाडीत बसवू नका. उन्हातली बंद गाडी दहा मिनिटांत सुमारे १० अंशांनी, अर्ध्या तासात जवळजवळ २० अंशांनी तापते, काच थोडी उघडी असली तरी.

प्रश्न : किनाऱ्यालगत गाडी वाळूत रुतली. जोरात रेस केली तर आणखी खाली गेली.

उत्तर : चाक फिरलं की खालची वाळू मागे फेकतं आणि खड्डा खोल करतं. पहिल्याच घसरणीला थांबा. गाडी वाळूत टेकली असेल तर चाकांपुढची आणि गाडीखालची वाळू उकरून काढा. मग टायरमधली हवा कमी करा. एरवी ३२ पीएसआय असेल तर १८ च्या आसपास आणा. टायर पसरून वजन जास्त जागेवर वाटलं जातं. १५ च्या खाली सहसा नको, वळताना टायर रिमवरून उतरतो. चाकांखाली पायपुसणी किंवा फळ्या घाला, माणसं खाली उतरवा, स्टीअरिंग सरळ ठेवा आणि आलेल्या चाकोरीतूनच हळू मागे या. या सगळ्यात पाणी चढतं आहे की उतरतं, यावर एकाने लक्ष ठेवायचं; भरतीचे मधले तास चालू असतील तर मदत लगेच मागवा. बाहेर आल्यावर वेग कमीच ठेवा, जवळच हवा भरून घ्या आणि मगच मोठ्या रस्त्याला लागा. त्याच दिवशी गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवा, मीठ सांध्यांत राहिलं की गंज तिथूनच सुरू होतो.